अकरा मातीचे लाडू

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेआठला मला समजलं, की मी घडवलेले अकरा मातीचे लाडू माझ्या नातीच्या सासरी पोचले आहेत, आणि दुपारी सत्यनारायणाची पूजा आटोपली की शिऱ्याच्या द्रोणाबरोबर घरटी एक लाडू असे ते शेजारीपाजारी वाटले जाणार आहेत. मी चहात टोस्ट बुडवून बसले होते. तो टोस्ट चहातच विरघळला.

लाडू खाण्यासाठी केलेले नव्हते हे उघड आहे. मग कशासाठी केले होते, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, तेव्हा माझं थोडं मागे म्हणजे पंचेचाळीसेक वर्षं.

आम्ही वर्ध्याहून लखनौला आलो तेव्हा माझे यजमान नरहर रेल्वेत इंजिनिअर होते आणि आम्हाला आलमबागेत क्वार्टर मिळालं होतं. पहिल्याच दिवाळीच्या आधी दारावर रामरती नावाची बाई टोपली घेऊन आली. टोपलीत भाजी होती. मी कारल्याचा भाव विचारला आणि सवयीने एका कारल्याला नख लावून पाहिलं, कोवळं आहे का ते. नख मोडलं. कारलं भाजलेल्या मातीचं होतं. रामरती पायरीवर बसून इतकी हसली की शेजारच्या मिश्राइन बाहेर आल्या.

मी तिला तिथेच विचारलं, मला शिकवशील का. ती चिनहटकडची कुंभारीण. दर गुरुवारी यायची. तळ्याची माती चाळायची कशी, तिच्यात कापूस पिंजून मळायचा कसा, वस्तू उन्हात न ठेवता सावलीत किती दिवस वाळवायची, हे सगळं तिने मला शिकवलं. वस्तू पोकळ करायची, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला खऱ्याचंच वजन लागतं. आत कोंडलेल्या हवेसाठी टाचणीएवढं भोक ठेवायचं, नाहीतर भट्टीत फुटते. आणि झालेल्या वस्तूची परीक्षा घ्यायची. मातीचं केळं खऱ्या केळ्यांच्या फणीत ठेवायचं आणि गप्प बसायचं. कुणी ते खायला उचललं तर पास. पाहुण्यांनी लांबूनच "वाह, क्या बनाया है" म्हटलं, तर रामरती ते केळं अंगणात आपटून फोडायची. तारीफ करणाऱ्याला ते मातीचं आहे हे आधीच कळलेलं असतं, असं तिचं म्हणणं.

मी मोर, हत्ती, देवदेवता कधी केल्या नाहीत. घरात पडलेल्या वस्तू केल्या. लसणाचा गड्डा, अर्धा खाल्लेला पाव, चष्म्याचं घर, कुलूप, वापरून झिजलेली साबणाची वडी. त्या वडीने नरहर एकदा पाच मिनिटं अंग चोळत होते. बाहेर येऊन म्हणाले, हल्ली साबणाला फेसच येत नाही, दुकानदाराला सांगायला हवं. नरहर गेले त्याला नऊ वर्षं झाली. वडी आहे.

माझी नात अबोली, म्हणजे सुजयची मुलगी, जानकीपुरमच्या आमच्या घरातच वाढली. तिने जन्मभर मराठी ऐकलं आणि उत्तर हिंदीत दिलं. दोन वर्षांपूर्वी तिने त्या साबणाच्या वडीचा फोटो काढून मोबाइलवरून सगळ्या जगाला दाखवला. लोकांनी विचारलं, वापरलेल्या साबणाचा फोटो का टाकलाय. तिने लिहिलं, हा साबण नाही, माझ्या आजीने हाताने मातीचा केलाय. त्यावर एका गृहस्थांनी लिहिलं, हे कॉम्प्युटरने तयार केलेलं चित्र आहे, मला असली चित्रं चटकन ओळखू येतात. मी दोन दिवस त्याच विचारात होते. फोटो पाहणाऱ्याला एक तर तो साबण वाटत होता, नाहीतर कॉम्प्युटर. मी मधल्यामधे कुठेच नव्हते.

अबोलीने मला उपाय सांगितला. "आजी, थोड़ा खराब बनाओ ना. उँगलियों के निशान छोड़ दो, तब लोग मानेंगे."

बोटांचे ठसे पुसायला शिकण्यात माझी पहिली तीन वर्षं गेली होती.

तर अशा या अबोलीचं लग्न ठरलं. मुलगा सिद्धेश, घर तेलीबागेत, मंडळी मूळची सांगलीकडची. त्याचे आजोबा लक्ष्मीकांतराव एअर फोर्समधून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि लखनौतच राहिले. घर चालवते त्यांची सून देवयानी, म्हणजे अबोलीची सासू. बाई भली, पण रीतीभातींच्या बाबतीत फार काटेकोर. इतकी वर्षं इकडे राहून आपलं काही विसरायला नको म्हणून तिने एक वही केली आहे. कोणत्या सणाला काय, कोणत्या विधीनंतर कोणता, सगळं त्या वहीत. साखरपुड्याला तिने मला शेजारी बसवून विचारलं, तुमच्या वर्ध्याकडे रुखवतात काय काय मांडतात, आणि मी सांगितलेलं लिहून घेतलं. अबोलीला या वहीची धास्ती. मला चार वेळा बजावून झालं होतं, आजी, वहाँ कुछ गड़बड़ मत करना, मम्मीजी सब लिखती हैं.

मी देवयानीला एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. आमच्या घराण्यात रुखवतात वरपक्षाला फसवायचा एक तरी जिन्नस असतो. माझ्या लग्नात मावशीने शेवयांच्या ताटात पांढऱ्या दोऱ्याचं भेंडोळं ठेवलं होतं आणि नरहरच्या काकांनी ते वाटीत घेऊन वर दूध ओतलं होतं. अबोलीच्या लग्नात हे काम माझं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. सुनेला, नेत्रालाही सांगितलं नाही. फसवणुकीत भागीदार घेतला की ती फसते.

दिवाळीपासूनच कामाला लागले. माझा उजवा हात अलीकडे थोडा थरथरतो. एक लाडू करायला चार दिवस लागायचे. दोन वाट्या जोडून गोळा, वरून भाजलेल्या बेसनाचा खरबरीतपणा यावा म्हणून ओल्या रंगावर बारीक रवा, आणि टाचणीच्या भोकावर मातीचाच बेदाणा. रंग आणि बेदाणा अर्थात रामरतीच्या सुनेच्या भट्टीतून गोळे भाजून आणल्यावर. शेवटी बोटभर तूप चोळलं, वेलदोड्याची पूड फिरवली. सतरा केले, त्यांतले सहा मलाच पटले नाहीत, ते फोडले. राहिले अकरा. लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलवर नेत्राने आणि मी केलेल्या साठ खऱ्या लाडवांच्या उतरंडीत मी ते मिसळले. खूण अशी कुठेच ठेवली नाही.

मग खुर्ची ओढून टेबलाशेजारी बसले, आणि वाट पाहू लागले.

आता रुखवत म्हणजे बायकांनी वाकून पाहायचं, हात लावायचा, ही करंजी कशी मुडपली म्हणून उचलून बघायची. पण अबोलीने फोटोग्राफर ठरवला होता, आणि त्याने आल्याबरोबर टेबलासमोर लाल मखमली दोरी बांधली. मी विचारलं, ही कशाला. "माताजी, कोई हाथ लगाएगा तो फ्रेम बिगड़ जाएगा." चार तासांत दोनशे माणसं त्या दोरीपाशी आली. दोनशे माणसांनी फोटो काढले. लाडवांचे, लाडवांसोबत स्वतःचे, लाडवांसोबत नवरा-नवरीचे. एका गृहस्थांचा हात दोरीवरून आत आला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले, पण त्यांना मोबाइल वरच्या बाजूने धरायचा होता. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या एक बाई तर घरी पोचायच्या आत मेसेज करून मोकळ्या झाल्या, की लाडू फोटोत फारच खमंग दिसताहेत, कृती पाठवा.

एकही हात पुढे आला नाही. माझे अकरा लाडू दोनशे मोबाइलांत जाऊन बसले, आणि त्या फोटोंत ते नेत्राच्या लाडवांपेक्षा काकणभरही वेगळे नव्हते. ही माझी जीत होती का हार, ते मला कळेना.

निघायच्या आधी ते अकरा काढून पिशवीत टाकायचे, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. पण अबोली निघाली तेव्हा मी रडले, आणि रडताना लाडू आठवत नाहीत. हॉलच्या माणसांनी रुखवत भरलं आणि रीतीप्रमाणे मुलाकडच्या गाडीत ठेवलं.

आणि रविवारी सकाळी नेत्रा फोन ठेवून हसत माझ्याकडे आली. देवयानीताईंचा होता. लाडू इतके सुंदर आहेत की त्यांनी हलवायाचे पेढे रद्द केले. प्रसादाबरोबर तुमच्याच हातचे लाडू देणार आहेत घरोघरी.

इथेच तो टोस्ट विरघळला.

मी अबोलीला फोन लावला. ती न्हाणीघरात जाऊन कुजबुजत बोलली. मी सगळं सांगून टाकलं.

"आजी," ती म्हणाली, "इथे कॉलनीतल्या सगळ्या आंटी आल्यात. त्यांच्यातल्या निम्म्यांचे दात नकली आहेत." एवढं सगळं ती मराठीत बोलली, त्यावरून मला परिस्थितीची कल्पना आली.

तिने तबकाचा फोटो काढून पाठवला. कौनसे हैं, बताओ, मी हळूच काढून घेते. मी फोटो मोठा करून पाहिला. डोळ्यांवर चष्मा चढवून पाहिला, उतरवून पाहिला. साठ आणि अकरा, एकाहत्तर लाडू असणार. त्यांतले अकरा कोणते, ते मलाच ओळखता येईना. मी ज्यांच्यावर चार चार दिवस घालवले ते माझेच लाडू, आणि मी त्यांच्यापुढे परक्या बाईसारखी बसले होते. दाबून बघ म्हटलं, तर ती म्हणाली, नवी नवरी सासरच्या बायकांसमोर एकेक लाडू दाबत बसली तर मम्मीजी वहीचं नवीन पान काढतील. आणि खरा लाडू दाबला तर फुटणार. मग सगळ्यांना खरं सांगून टाक म्हटलं. ती रडवेली झाली. पहिल्याच दिवशी सांगू की माझ्या आजीने तुमच्या तोंडात माती घालायचा बेत केला होता?

माझ्या गमतीचा हा अर्थ होऊ शकतो, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

सुजय मला गाडीतून घेऊन निघाला. माझा मुलगा सरकारी अधिकारी आहे. त्याला आधी सगळी वस्तुस्थिती लागते. पॉलिटेक्निकच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा मी त्याला ती सांगितली. सिग्नल हिरवा झाला तरी तो निघाला नाही, मागचे हॉर्न वाजवू लागले. मग त्याने आपला मोबाइल माझ्या हाती दिला आणि म्हणाला, यात एक सोय आहे, फोटो दिला की वस्तू ओळखून सांगते, विचार तिला. मी विचारलं. तिने क्षणात सांगितलं, हे बेसनाचे लाडू आहेत, प्रत्येकात साधारण पावणेदोनशे कॅलरी, मधुमेहींनी जपून खावेत. मी विचारलं, सगळे? ती म्हणाली, सगळे.

"म्हणजे तुझ्या मातीतही कॅलरी आहेत, आई," सुजय म्हणाला, आणि गाडी तेलीबागेकडे दामटली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. आतल्या खोलीत पूजेची मांडणी चालली होती, सतरंजीवर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या, आणि मधोमध तबकात उतरंड. अबोली पाटावर मान खाली घालून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी विसरणार नाही. लहानपणी बरणी फुटली की ती अशी बघायची. आता बरणी मी फोडली होती.

देवयानी पुढे झाली, या आजी, बसा, म्हणाली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. गाडीत मी बरीच वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, देवयानीताई, एक रीत राहून गेली. आमच्याकडे रुखवताचे लाडू वाटायच्या आधी मुलीच्या आजीने प्रत्येक लाडू गालाला लावायचा असतो.

ही रीत जगात कुठेच नव्हती. ती मी त्या उंबऱ्यावर जन्माला घातली. पण भाजलेली माती गालाला गार लागते, थंडीच्या दिवसांत तर बर्फासारखी, आणि बेसन लागत नाही. एवढं एकच गणित माझ्याजवळ होतं.

मला वाटलं होतं, मी कोपऱ्यात बसून गुपचूप लाडू गालाला लावीन आणि पाच मिनिटांत मोकळी होईन. देवयानीने वही आणली. उजवा गाल का डावा, तिने विचारलं. मी म्हटलं, डावा. कारण काय, तिने विचारलं. मी म्हटलं, हृदयाची बाजू. तिने लिहिलं. मग ती सतरंजीकडे वळली आणि सगळ्यांना हिंदीत समजावून सांगितलं, की वर्ध्याची फार जुनी प्रथा आहे, आपणही करू. बायका उत्साहाने उठल्या. एकेक लाडू माझ्या गालाला लावून मी पुढे द्यायची, मग तो रांगेने साऱ्याजणींच्या गालांवरून फिरत दुसऱ्या तबकात जायचा. दोघीतिघींनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. गार लागलेला लाडू मी पुढे न देता मांडीवर ठेवायची. हे का ठेवता, असं एका पंजाबी बाईंनी विचारलंच. हे देवाजवळ ठेवायचे, पुढच्या संक्रांतीपर्यंत, मी सांगितलं. देवयानीने तेही लिहिलं. अबोलीचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत, ते पदरामुळे कळेना.

एकाहत्तरावा लाडू यायला हवा होता, तेव्हा तबक रिकामं होतं. सत्तरच भरले. माझ्या मांडीवर दहा.

मी देवयानीला अगदी सहज विचारलं, कुणी एखादा खाल्ला का. ती म्हणाली, छे, नैवेद्याआधी कसा कुणी खाईल. डबा रात्रभर बाबांच्या खोलीत होता, उंदरांच्या भीतीने. बाबा स्वतः म्हणाले, मी राखतो.

बाबा म्हणजे लक्ष्मीकांतराव. साखरपुड्याच्या वेळी देवयानीने त्यांच्या ताटातून जिलबी उचलून घेतलेली मी पाहिली होती. साखरेचा आजार बारा वर्षांचा, आणि कवळी दोन महिन्यांची.

मी पिशवीत दहा लाडू घातले आणि मागच्या अंगणात गेले. लक्ष्मीकांतराव उन्हात खुर्ची टाकून बसले होते. पाठ ताठ, शाल नीट, आणि तोंडावर रुमाल. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. तब्येत कशी आहे विचारलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा मी खुर्चीशेजारच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले आणि म्हटलं, लाडवाबद्दल बोलायचं होतं.

"कुठला लाडू," ते रुमालातून म्हणाले. आवाज असा आला, जणू हवा गेलेला फुगा बोलतोय.

मी पिशवीतला एक काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि दुसरा खुर्चीच्या लाकडी हातावर आपटला. टक्क. मग त्यांनी शालीच्या आतून अकरावा काढला. त्याच्या एका बाजूला दातांच्या दोन कमानी उमटल्या होत्या, एकीवर एक.

"दोनदा चावलो," ते म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं, दात नवीन आहेत. दुसऱ्यांदा वाटलं, विदर्भाकडे घट्टच वळत असतील."

त्यांनी रुमाल उघडला. वरची कवळी मधोमध तडकली होती.

मला फार वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, शपथेवर सांगते. रंग सगळे मातीचेच आहेत, पोटात गेले तरी अपाय नाही, हेही मी त्यांना घाईघाईने सांगितलं. पण त्याच वेळी मी मनात मोजत होते. दोनशे माणसं, एकही हात नाही. आणि या माणसाने अंधारात, डोळ्यांनी न बघता, बोटांनी चाचपून, वास घेऊन, साठ खरे सोडून नेमका माझा उचलला होता. आणि संशय आल्यावरही पुन्हा चावला होता.

"तुम्ही हसताय," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, माझी कवळी मोडली आणि तुम्ही हसताय. मी म्हटलं, द्या, मी जोडून देते, मला डिंकाचं काम चांगलं येतं. त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास उरला नव्हता.

मग त्यांनी प्रस्ताव मांडला, फौजी पद्धतीने, थोडक्यात. कवळी बेसिनमध्ये पडली असं ते देवयानीला सांगतील. लाडू मी पिशवीत घालून नेईन. कुणाला काही कळणार नाही, अबोलीचं नाव खराब होणार नाही आणि त्यांची चोरी उघडी पडणार नाही. तहनामा चोख होता. मी तो मान्य करून अकरावा लाडू पिशवीत टाकणार, एवढ्यात देवयानी दारात आली.

पूजा सुरू होतेय, बोलवायला आले, असं ती म्हणाली. मग तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या आत गेलेल्या ओठांकडे, मग शालीवर पडलेल्या वेलदोड्याच्या पुडीकडे. "बाबा," एवढंच ती म्हणाली. पण ज्या स्वरात म्हणाली, त्याने एअर फोर्समध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस खुर्चीत चार बोटं खाली गेला.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. चोर तेच ठरले असते, आणि मी त्यांच्या बाजूला बसलेली एक म्हातारी पाहुणी. अबोलीचा पहिला दिवस नीट पार पडला असता. पण ते माझ्याकडे बघतही नव्हते. बोट दाखवून मोकळे होता आलं असतं, तरी त्यांनी दाखवलं नाही.

"तो लाडू मातीचा आहे, देवयानीताई," मी म्हटलं. "मी केलाय. असे अकरा मी रुखवतात घातले होते, तुम्हाला फसवायला. अबोलीला यातलं आज सकाळपर्यंत काही माहीत नव्हतं."

तिने लाडू पाहिला आणि आधी मोबाइलच काढला. मी तिचा हात धरला आणि लाडू तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो फिरवला. नखाने बेदाणा खरवडून पाहिला. आणि मग, मी काही न सांगता, डाव्या गालाला लावला.

तो तसाच गालाशी धरून ती आतल्या खोलीकडे बघत राहिली. आत बायकांचा गलका चालला होता.

"म्हणजे मी तीस बायकांना लाडू गालाला लावायला लावले," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"आणि वहीत लिहिलं."

मी हो म्हटलं.

"आणि सांगलीला माझ्या जावेला व्हिडिओ पाठवला. तिने तिच्या सुनेला पाठवला असेल."

मी पिशवीचं तोंड आवळलं. ती सासऱ्यांकडे वळली. "आणि बाबा, तुम्ही नैवेद्याआधी लाडू खाल्लात."

"नाही," लक्ष्मीकांतराव रुमाल बाजूला करून, जमेल तितक्या स्पष्ट आवाजात म्हणाले. "खाता आला नाही."

देवयानीचं हसू आधी नाकातून आलं. ती ते दाबायला गेली आणि ते वाढलं. मग ती अंगणातल्या पायरीवर बसली, लाडू मांडीत घेऊन, आणि डोळे पुसत राहिली. मला कळेना हसण्यात सामील व्हावं की अजून माफी मागावी. तेवढ्यात अबोली दारात आली. मम्मीजी का येत नाहीत म्हणून आतल्यांनी तिला पाठवलं असावं. तिने आजोबांचं बोळकं पाहिलं, माझ्या हातातली पिशवी पाहिली, सासूचे भिजलेले डोळे पाहिले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सॉरी मम्मीजी," ती म्हणाली.

देवयानीने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. आत कुणालाही एक शब्द सांगायचा नाही, असं तिने आम्हा तिघांना बजावलं. गालाची रीत आता झाली ती झाली, ती वहीतून खोडायची नाही, पुढच्या लग्नात कुणी विचारलं तर आमच्याकडे आहे म्हणून सांगायची. पुन्हा हसू आलं म्हणून तिला मध्ये थांबावं लागलं. मग ती आत गेली, पूजा पुरी करून घेतली, कथा झाली, आरती झाली, घरोघरीच्या डब्यांत लाडू गेले. सगळे खरे. मी दारात उभं राहून एकेक मोजला.

बायका गेल्यावर उरलेलं ताट घेऊन ती पुन्हा अंगणात आली. ताटात तीन लाडू होते. तिने एक उचलला, बोटांनी दाबून पाहिला, फोडला, आणि अर्धा अबोलीच्या पुढे धरला.

"खा," ती म्हणाली. "पण आधी जिभेने बघ. तुझ्या आजीचा काही भरवसा नाही."

अबोलीने माझ्याकडे बघितलं, मग खाल्ला, आणि तोंड भरलेलं असतानाच हसली, त्यामुळे थोडं बेसन सासूच्या पदरावर सांडलं. देवयानीने ते झटकलं नाही.

लक्ष्मीकांतरावांनी नुसता तळहात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. देवयानीने उरलेल्या अर्ध्याकडे पाहिलं, त्याचा एक तुकडा मोडला, थोडा विचार करून तो आणखी लहान केला, आणि त्यांच्या हातावर ठेवला. ते तो डोळे मिटून चघळत बसले. दात नव्हते, त्यामुळे त्यांना तो बराच वेळ पुरला.